जिवाणूंकडून तांबं कोरून घेताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मी यंत्र शाखेचा माणूस. लेथवर आवाज ऐकून टूलची धार गेली की नाही ते सांगता येईल, पण कापसाचा बोळा लावलेला फ्लास्क हातात कसा धरायचा, हे मला पंचविशी उलटल्यावर शिकावं लागलं. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी जिवाणूंनी धातू कोरण्याचा विषय घेतला आणि पहिले तीन महिने चक्क वाया घालवले. चुका मोठ्या नव्हत्या. त्या कुठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या, एवढंच. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो: कारखान्यात उद्यापासून वापरायची ही पद्धत नाही. ती फार सावकाश चालते. पण कापताना उष्णता नाही, टूलचा दाब नाही, कडेला बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धातूची कुसळं, नाही. विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या स्पार्क मशीनवर पृष्ठभागावर वितळून पुन्हा थिजलेला जो थर राहतो, तोही इथे नाही. पातळ, नाजूक, सहज वाकणाऱ्या तुकड्यांसाठी लोकांना यात रस आहे तो एवढ्यासाठीच.

१. जिवाणू धातू खात नाहीत, हे आधी डोक्यात बसवा

प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारतो: "म्हणजे हे किडे तांबं खातात का?" नाही. आणि हे नीट कळलं नाही तर पुढचे सगळे प्रयोग फसतात.

आपला जिवाणू म्हणजे अॅसिडीथायोबॅसिलस फेरोऑक्सिडान्स. जुन्या निबंधांत तो थायोबॅसिलस फेरोऑक्सिडान्स या नावाने सापडेल, नाव २००० मध्ये बदललं. शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धं वाङ्मय हातून निसटतं. १९४७ मध्ये अमेरिकेत कोल्मर आणि हिंकल यांनी कोळशाच्या खाणीतून झिरपणाऱ्या आंबट पाण्यात तो दाखवून दिला. स्पेनमधली रिओ तिंतो नदी लालभडक वाहते, त्यामागेही याच जातकुळीचे जिवाणू आहेत. धातूच्या तुकड्याला आकार देण्यासाठी त्याचा वापर जपानमध्ये ओकायामा विद्यापीठात योशियुकी उनो आणि सहकाऱ्यांनी केला. त्यांचा १९९६ चा निबंध आजही पहिला वाचावा असा आहे.

त्याचं पोट भरतं ते लोखंडावर. पाण्यात विरघळलेलं फेरस लोखंड घ्यायचं, त्यातला एक इलेक्ट्रॉन काढायचा, हवेतल्या प्राणवायूला द्यायचा आणि त्या देवघेवीत मिळालेल्या ऊर्जेवर जगायचं. कार्बन तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतो, साखर त्याला लागत नाही. मागे उरतं फेरिक लोखंड. तांबं कापतं ते हे फेरिक. तांब्याचा एक अणू पाण्यात जातो तेव्हा फेरिकचे दोन अणू परत फेरस होतात. म्हणजे टूल बोथट झालं. जिवाणू ते फेरस उचलून पुन्हा फेरिक करतो, म्हणजे टूलला धार लावून देतो.

कापणारा फेरिक, धार लावणारा जिवाणू. माझे तीन महिने गेले ते हे न कळल्यामुळे. कसे, ते सहाव्या पायरीत सांगतो.

आम्ल तांबं खात नाही का, अशी शंका येईल. घरात तांब्याचा लोटा चिंचेने घासताना काय होतं ते आठवा. वरचं काळं पुट जातं, लोटा झिजत नाही. विरळ गंधकाम्लाचंही तसंच आहे. ते ऑक्साइड काढतं, खालच्या तांब्याला फारसं काही करत नाही. म्हणूनच सुरुवात तांब्यापासून करा. पोलाद आम्लात आपोआपच विरघळतं, पितळेतलं जस्तही विरघळतं. मग किती आम्लाने नेलं आणि किती फेरिकने, याचा हिशेब लागत नाही. स्टेनलेसच्या नादी तर पहिल्या वर्षी लागूच नका.

२. सामान आणि कागद

कागदांपासून सुरुवात करा, त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो.

- जिवाणू मागवण्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही-शिक्का, आणि वाढवणार कोण व कुठे याची माहिती. भारतात दोन ठिकाणं आधी पाहावीत: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम आणि चंडीगडचा एमटीसीसी, दोन्ही सूक्ष्मजीवांचे संग्रह. त्यांच्या यादीत दोन्ही नावांनी शोधा.
- गंधकाम्लासाठी ओळखपत्र आणि कारण. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अॅसिडची किरकोळ विक्री नोंदवहीत लिहूनच होते. प्रयोगशाळेलाही वापराची नोंद ठेवावी लागते आणि त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. तुमच्या विभागात ती वही कोणाकडे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.
- कचरा कुठे जाणार, याचं संस्थेकडून लेखी उत्तर. हे शेवटी ढकलू नका.

आता सामान. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, प्रयोगशाळेच्या प्रतीचं. अमोनियम सल्फेट, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम नायट्रेट. डिस्टिल्ड पाणी भरपूर. शेकर-इन्क्युबेटर (ठरावीक तापमानाला फ्लास्क हलवत ठेवणारी पेटी), ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं), पीएच मीटर, ०.२२ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मेम्ब्रेन फिल्टर, व्हॉटमन १ नंबरचा गाळणकागद, ब्युरेट, पोटॅशियम परमँगनेट, थोडं फॉस्फरिक अॅसिड. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू. माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप, एक नव्हे, तीन. नायलॉनचा मासेमारीचा दोरा. नेलपॉलिश. मऊ टूथब्रश. हातमोजे आणि चष्मा तर हवाच.

तांब्याची पट्टी विद्युत प्रतीची, ९९.९ टक्के शुद्धतेची घ्या. पुण्यात असाल तर तांबट आळीत चक्कर मारायला हरकत नाही, पण भांड्यांच्या पत्र्यावर ठोक्यांचे ताण असतात आणि शुद्धतेचा कागद कोणी देत नाही. प्रयोगासाठी टेस्ट सर्टिफिकेट असलेली पट्टीच बरी.

३. द्रावण: ९-के

सिल्व्हरमन आणि लुंडग्रेन यांनी १९५९ मध्ये दिलेली कृती अजून चालते. नाव ९-के, कारण लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम लोखंड असतं. ती दोन भागांत करायची.

पहिला भाग, ७०० मिली: अमोनियम सल्फेट ३ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ०.०१ ग्रॅम आणि १० नॉर्मल तीव्रतेचं गंधकाम्ल १ मिली. हा ऑटोक्लेव्ह करा.

दुसरा भाग, ३०० मिली: ४४.२ ग्रॅम हिराकस, पाणी आधी किंचित आम्लयुक्त करून. हा ऑटोक्लेव्हमध्ये अजिबात घालू नका. तापवलं की फेरस तिथेच फेरिक होतं आणि बाटलीच्या तळाशी गंजासारखा गाळ बसतो. हा दुसरा भाग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, पहिला भाग थंड झाल्यावर त्यात मिसळा. शेवटी पीएच १.८ ते २.० च्या दरम्यान आणा.

रंग फिका हिरवा यायला हवा, कोवळ्या पोपटीपेक्षाही फिका. बाटलीतलं हिराकसच पिवळट-तपकिरी भुकटीसारखं दिसत असेल तर ते जुनं आहे. टाकून द्या. मी "चालेल की" म्हणून वापरलं होतं. जिवाणू घालायच्या आधीच द्रावण तांबूस होतं आणि मी ते यश समजून सरांना फोटो पाठवला.

दोन गोष्टी इथेच गाठीशी बांधा. पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक अॅसिड वापरू नका. क्लोराइड जास्त झालं तर या जिवाणूला सोसत नाही. आणि गंधकाम्ल पाण्यात घालायचं, थेंबथेंब, भांडं बर्फात ठेवून. अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. हे शाळेतलं वाक्य वाटतं, पण १० नॉर्मल करताना १०० मिलीत जवळपास २८ मिली तीव्र अॅसिड जातं. काचेला हात लावला की कळतं किती तापतं ते.

४. विरजण लावणं

हा भाग दह्यासारखाच आहे. तयार झालेल्या जुन्या द्रावणातला दहावा हिस्सा नव्यात घालायचा: ९० मिली ताजं ९-के, १० मिली विरजण, २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये. तापमान ३० अंश, शेकर मिनिटाला १५० फेऱ्यांवर. तोंडाला कापसाचा बोळा. स्क्रूचं झाकण घट्ट लावलंत तर त्याला ना प्राणवायू मिळेल ना कार्बन डायऑक्साइड, आणि सगळं जागच्या जागी थांबेल.

पार्सल आलं की त्याच दिवशी ताज्या द्रावणात हलवा. पहिल्या खेपेला आठवडाभर काहीच झालं नाही तरी घाबरू नका, प्रवासाने तो दमलेला असतो. दोन-तीन वेळा नव्या द्रावणात घातल्यावर दोन-तीन दिवसांत फ्लास्क फिक्या हिरव्यापासून पिवळा, मग मधासारखा, मग विटकरी लाल होतो.

ज्यांना जीवशास्त्राची सवय आहे त्यांच्यासाठी इथे दोन सापळे आहेत. एक, द्रावण दुधासारखं गढूळ होईल याची वाट पाहू नका. लोखंडातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, त्यामुळे संख्या फार वाढत नाही. रंग पाहा, गढूळपणा नको. दुसरा, तो न्यूट्रिअंट अगारवर, म्हणजे नेहमीचे जिवाणू वाढवतात त्या पोषक थराच्या प्लेटवर, रेघोटून पाहू नका. आमच्या एका मदतनीस मित्राने मोठ्या आपुलकीने तसं केलं, तीन दिवसांनी कोरी प्लेट दाखवली आणि म्हणाला, "सॉरी रे, कल्चर मेलंय." मी ते ओतून देणार होतो. जिवंत होतं ते. त्याला साखर-प्रथिनांचं ताट वाढलं तर तो जेवत नाही, उलट काही सेंद्रिय पदार्थ त्याला बाधतात. याच कारणाने काचेवर राहिलेला साबणही घात करतो. धुतलेला फ्लास्क शेवटी विरळ गंधकाम्लाने आणि मग डिस्टिल्ड पाण्याने विसळा.

रंगावर विश्वास ठेवा, पण आकडाही घ्या. ५ मिली द्रावण, थोडं विरळ गंधकाम्ल, आणि ०.०२ मोलर परमँगनेटने टायट्रेशन, म्हणजे गुलाबी छटा टिकेपर्यंत ब्युरेटमधून थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजणं. कोऱ्या ९-केला सुमारे ८ मिली लागतात, विरजण घातल्यावर साधारण ७.२. हा आकडा रोज उतरत जातो आणि शून्याजवळ आला की सगळं फेरस फेरिक झालं. फेरिकच्या पिवळ्या रंगात गुलाबी छटा दिसत नाही, म्हणून फॉस्फरिक अॅसिडचे काही थेंब घाला, पिवळेपणा विरतो.

पीएचही रोज लिहा. तो आधी थोडा चढतो, कारण फेरसचं फेरिक होताना आम्ल खर्च होतं, आणि नंतर उतरतो, कारण फेरिक पाण्याशी झटापट करून आम्ल परत सोडतं. याच झटापटीत जॅरोसाइट नावाचा पिवळसर तपकिरी गाळ तयार होतो आणि काचेला चिकटतो. पीएच २ च्या वर गेलं की तो जास्त. गाळात गेलेलं लोखंड कापायच्या कामाचं राहत नाही.

५. तांब्याचे तुकडे

४ सेंमी × २.५ सेंमीचे तुकडे कापा. कडांची बर फाइलने काढा. ४००, ८००, १२०० असे पॉलिश पेपर पाण्यासोबत, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना काटकोनात. मग डिस्टिल्ड पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हेअर ड्रायरची थंड हवा, आणि वजन. वजनानंतर तुकड्याला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच धरायचा. बोटाचा ठसा पुढे तसाच्या तसा कोरलेला दिसतो, कारण तेलाखाली झीज कमी होते. माझ्या अंगठ्याचा असा एक तुकडा अजून टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

नक्षी किंवा खाच हवी असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे सर्किट बोर्डाचा कोरा तुकडा घेणं. त्यावरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड असतं आणि खाली फायबरग्लास. तांबं संपून पिवळट बोर्ड दिसला की ३५ मायक्रॉन खोली झाली, मोजपट्टी आयतीच मिळते. मास्कसाठी, म्हणजे जो भाग कोरायचा नाही तो झाकायला, ड्राय फिल्म (सर्किट बोर्डांवर चिकटवतात तो प्रकाशाने पक्का होणारा पातळ पापुद्रा) उत्तम. नेलपॉलिश मागच्या बाजूला आणि कडांना चालतं, पण रात्रभर वाळू द्या. ओल्या नेलपॉलिशचा द्रव पाण्यात उतरला तर जिवाणूंचं काम मंदावतं. सर्किट बोर्ड कोरायला नेहमी वापरतात त्या फेरिक क्लोराइडच्या दहा-पंधरा मिनिटांत मार्कर पेनची रेघ टिकते, इथल्या तासन् तासांत ती सुटून येते.

६. तीन बीकर, एक कमी नको

आता माझ्या तीन महिन्यांची गोष्ट. मी १ सेंमी × १ सेंमीचा तुकडा घेतला, एकच बाजू उघडी ठेवली, आणि १०० मिली जिवंत द्रावणात टाकला. शेजारी जिवाणू गाळून काढलेलं तेच द्रावण ठेवलं. दोन्हीकडे वजन सारखंच घटलं. पुन्हा केलं, पुन्हा सारखंच. सर म्हणाले, "मग यात तुझा जिवाणू कुठे आहे?" उत्तर नव्हतं.

उत्तर एका हिशेबात होतं. ९-केच्या १०० मिलीतलं सगळं लोखंड फेरिक असेल तर ते जिवाणूंच्या मदतीशिवायही सुमारे ०.५ ग्रॅम तांबं विरघळवू शकतं. माझ्या चिमुकल्या तुकड्यावरून १० मायक्रॉन गेले की घट होते अवघी ९ मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. टूल बोथटच होत नव्हतं, मग धार लावणाऱ्याचं कौशल्य दिसणार कुठून?

म्हणून ४ × २.५ सेंमीचे दोन तुकडे, दोन्ही बाजू उघड्या. एकूण ४० चौरस सेंमी. यावरून १० मायक्रॉन उतरले की ०.३६ ग्रॅम तांबं जातं आणि फेरिकचा पाऊण साठा संपतो. आता फरक दिसेल.

मांडणी अशी. १५० मिलीचे तीन उंच बीकर, प्रत्येकात १०० मिली.

- क: पूर्ण पिकलेलं जिवंत द्रावण, फक्त व्हॉटमन १ मधून गाळलेलं.
- ख: तेच द्रावण, आधी व्हॉटमन आणि मग ०.२२ मायक्रॉनमधून. लोखंड तेवढंच, जिवाणू नाहीत. थेट मेम्ब्रेनमधून गाळायला जाल तर जॅरोसाइटने तो पाच मिनिटांत बंद होईल.
- ग: ताजं, जिवाणू न घातलेलं ९-के, त्याच पीएचचं. नुसतं आम्ल आणि हवा किती नेतात ते यातून कळतं.

प्रत्येकात दोन तुकडे, नायलॉनच्या दोऱ्याने उभे टांगलेले. आडवे ठेवलेत तर वरच्या बाजूवर गाळ बसेल. आणि दोरा म्हणजे दोराच. मी एकदा घाईत स्टेपलरच्या पिनेसारख्या लोखंडी तारेचा आकडा केला होता. सकाळी तार गायब आणि तुकडा तळाशी. फेरिक आणि आम्लाने तिला आधी संपवलं, जाता जाता तिने मधलं फेरिकही खर्च केलं.

प्रत्येक बीकरला स्वतंत्र पंप, स्वतंत्र नळी, मध्ये कापूस. वर काचेची तबकडी. बुडबुड्यांनी पाणी उडतं, म्हणून पातळीला खूण करा आणि रोज डिस्टिल्ड पाण्याने भरून काढा. एकच नळी क मधून काढून ख मध्ये घातलीत की ख मध्येही विरजण लागलं म्हणून समजा.

७. प्रत्यक्ष कोरणं

पहिल्या काही तासांत क आणि ख सारखेच वागतील. विटकरी रंग हळूहळू उतरतो, मग मातकट, मग हिरवट-निळसर झाक. ती हिरवट फेरसची आणि निळी मोरचुदाची, म्हणजे विरघळलेल्या तांब्याची. तांब्याची चकाकी जाते आणि खाली मंद गुलाबी पृष्ठभाग येतो. दर तासाला तुकडा काढा, पाण्याखाली मऊ ब्रशने पिवळा गाळ झटका, अल्कोहोल, वाळवणं, वजन, परत आत.

फेरिक संपत आल्यावर दोन्हीकडे झीज मंदावते. इथे तुकडे काढून घ्या, हवा तशीच चालू ठेवा आणि दोन दिवस फक्त बघा. ख हिरवाच राहतो, कारण इतक्या आम्लात नुसती हवा फेरसचं काही वाकडं करू शकत नाही. क मात्र कडेकडेने पिवळा पडायला लागतो, आणि एका सकाळी तुम्ही दार उघडता तेव्हा तो परत लाल असतो. त्या दिवशी मी सरांना पुन्हा फोटो पाठवला. या वेळी खरा.

तुकडे परत आत सोडा, झीज पुन्हा चालू. हे चक्र मोजणं म्हणजेच तुमचा प्रयोग. पण पाण्यातलं तांबं प्रत्येक फेरीत वाढतं आणि न सरावलेल्या जिवाणूला ते जड जातं. परत लाल व्हायला लागणारा वेळ लांबायला लागला की ओळखा. उपाय दोन: थोडं मोरचूद घातलेल्या ९-केमध्ये पिढ्यान् पिढ्या वाढवून त्याला सवय लावणं, दर खेपेला मात्रा जराशी वाढवत. नाहीतर कापायचं भांडं आणि वाढवायचं भांडं वेगळं ठेवणं. मी दुसऱ्या मताचा आहे. तुकड्यावर गाळ कमी बसतो आणि मास्कही जास्त टिकतो.

उन्हाळ्यात एक वेगळंच संकट. रात्री वीज गेली, शेकर-इन्क्युबेटर बंद पडला, खोली चाळिशीच्या पुढे तापली, की कल्चर गेलं. एप्रिल-मेमध्ये मोठे प्रयोग लावू नका.

८. मोजायचं काय

खोली वजनावरून काढा. घटलेले ग्रॅम भागिले ८.९६ आणि त्याला उघड्या क्षेत्रफळाने भागलं की सेंटीमीटरमध्ये उत्तर येतं. मायक्रोमीटर स्क्रूवर विसंबू नका, पहिल्या पाच-दहा मायक्रॉनात त्याची चूक आणि तुमची झीज एकाच मापाची असतात.

खडबडीतपणा आधी आणि नंतर, दोन्ही वेळा रफनेस टेस्टरवर घ्या. आरशासारखं पॉलिश केलेलं तांबं यातून निघाल्यावर खरखरीतच होतं, कारण धातूचे वेगवेगळे कण वेगवेगळ्या गतीने झिजतात. पॉलिशिंगची पद्धत म्हणून कोणी ही विकत असेल तर त्याला तुकडा दाखवायला सांगा.

खाचेची रुंदी मायक्रोस्कोपखाली पाहा. द्रव जेवढा खाली जातो जवळपास तेवढाच मास्कच्या खाली आडवाही सरकतो. ३० मायक्रॉन खोल खाच म्हणजे वरच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ६० मायक्रॉन जास्तीची रुंदी. ड्रॉइंग करतानाच रेघ तेवढी बारीक धरा. पहिल्या नक्षीत माझ्या कॉलेजचं बोधचिन्ह होतं, त्यातल्या दिव्याची ज्योत या हिशेबाअभावी वातीपासून सुटली.

९. उरलेलं पाणी

बेसिनमध्ये ओतायचं नाही. त्यातलं तांबं माशांना आणि पाण्यातल्या इतर जिवांना विष आहे. आधी त्यात लोखंडी काथ्या, म्हणजे स्टील वूल, टाका. उघड्या हवेशीर जागी, जवळ ज्योत नको, कारण हायड्रोजन सुटतो. काथ्यावर तांब्याचा लाल थर चढतो आणि पाण्याची निळाई जाते. गाळा. मग चुन्याची निवळी ढवळत घाला, पीएच ८.५ ते ९ पर्यंत. लोखंड हिरव्या-तपकिरी लगद्यासारखं खाली बसतं, आम्लाची सवय असलेले जिवाणूही एवढ्या पीएचला तग धरत नाहीत. लगदा वाळवून, लेबल लावून, घातक कचऱ्याच्या अधिकृत वाहतुकीकडे. पावती फाइलमध्ये.

१०. विरजण सांभाळणं

प्रयोग संपला तरी एक फ्लास्क चालू ठेवा. पिकलेलं द्रावण ४ अंशांवर फ्रिजमध्ये काही आठवडे राहतं, पण दर दोन-तीन आठवड्यांनी ताज्या ९-केमध्ये हलवलेलं बरं. फ्लास्कवर तारीख आणि कितवी पिढी ते पेन्सिलीने लिहा. शाईचा मार्कर अल्कोहोलच्या एका फडक्यात पुसला जातो. दिवाळीच्या सुट्टीला जाताना दोन फ्लास्क ठेवा, एक तुमच्या फ्रिजमध्ये, एक दुसऱ्या विभागात, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "लाल आहे, खराब झालेलं नाही, ओतू नका."